कुत्रीला गादीवर निवांत पडून राहायला कसं शिकवायचं?

केवडा_ठाणे

नमस्कार. मिरी ही १४ महिन्यांची देशी कुत्री. वजन १८ किलो, नसबंदी झालेली, तब्येत ठणठणीत. 'बस' आणि 'झोप' येतं. हॉलमध्ये सोफ्याशेजारी तिची गादी आहे. आम्ही जेवताना, बेल वाजल्यावर आणि संध्याकाळी मुलं अभ्यासाला बसल्यावर तिने गादीवर जावं आणि सांगेपर्यंत तिथेच राहावं, एवढंच हवं आहे.

सध्या 'जागेवर' म्हटलं की जाते, खाऊ घेते आणि आठ-दहा सेकंदांत उठते. परत नेऊन बसवते, पुन्हा खाऊ देते, पुन्हा उठते. बेल वाजली की कुणाचंच ऐकत नाही, थेट दार. जेवताना टेबलाखाली उभी असते आणि सासूबाई तिला पोळीचा तुकडा देतात.

वेळ वाढवायची कशी? उठली तर नेमकं काय करायचं? बांधून शिकवणं बरोबर का? आणि दिवसाला खाऊ किती चालतो?

पिंपळपार

केवडाताई, गादीवर गेली, खाऊ मिळाला, उठली, परत आणली, पुन्हा खाऊ मिळाला. मिरी नेमकी ही अख्खी मालिकाच शिकली आहे. तिच्या हिशेबात उठणं हा कामाचाच भाग, कारण उठल्याशिवाय पुढचा खाऊ येत नाही. तेव्हा पहिला बदल असा: गादीवर पोचल्याचा खाऊ एक आणि तिथे राहिल्याचे खाऊ दहा.

आधी खाऊचं गणित. १८ किलोच्या, नसबंदी झालेल्या मध्यम हालचालीच्या कुत्रीला दिवसाला साधारण ९५० ते १००० किलोकॅलरी लागतात. त्यातला दहावा हिस्सा खाऊवर खर्च केला तर चालतो, म्हणजे उकडलेलं चिकन साधारण ६० ग्रॅम. मीठ, कांदा, लसूण काही न घालता उकडायचं आणि मटाराच्या दाण्याएवढे तुकडे करायचे. ६० ग्रॅमचे दीडशेच्या वर तुकडे निघतात. शाकाहारी घर असेल तर पनीर त्याच मापाने, पण निम्म्या वजनाचं, कारण त्यात चरबी जास्त. सोपा भाग करताना तिच्या रोजच्या कोरड्या खाण्यातलं पाव हिस्सा बाजूला काढून तेच वापरा, म्हणजे वजन वाढायचा प्रश्न येत नाही. मनुका, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेली बिनसाखरेची बिस्किटं चुकूनही नको.

मग शब्द. 'बस' हा मराठी घरातला सगळ्यात झिजलेला शब्द. 'बस झालं', 'बसा ना', 'बस चुकली', दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो आणि त्यातल्या एकोणपन्नास वेळा कुत्र्याने काही करायचं नसतं. 'चल' आणि 'ओके' यांचीही तीच गत. 'जागेवर' या शब्दाचा अर्थ मिरीसाठी आता 'जा, खा, उठ' असा झाला आहे, म्हणून तो टाकून द्या. नवा शब्द 'गादी' ठेवा आणि मोकळं करायचा शब्द 'सुट्टी'. मात्र 'गादी' हा शब्द पहिले चार-पाच दिवस वापरायचाच नाही. का ते पुढे येईल.

पहिले दोन दिवस: गादी उचलून ठेवा. सरावाच्या वेळीच अंथरायची. अंथरली की तुम्ही गप्प बसा. तिने एक पंजा ठेवला तरी जीभ टाळूला लावून 'टक्' करा आणि तुकडा गादीवर टाका. हातातून भरवायचा नाही. हातातून मिळाला की नजर हातावर खिळते आणि कुत्रा हाताच्या मागे उठून येतो. खाऊ गादीतून उगवतो असं तिला वाटायला हवं. ती तिथे उभी असेपर्यंत एकामागून एक चार-पाच तुकडे, दर दोन सेकंदांनी. मग 'सुट्टी' म्हणून एक तुकडा लांब फेका, म्हणजे ती उतरेल आणि पुन्हा स्वतःहून चढायची संधी मिळेल. असं आठ-दहा वेळा, की गादी गुंडाळून ठेवायची. एका वेळी तीन मिनिटांच्या वर नको, दिवसातून तीन-चार वेळा.

तिसरा दिवस: आता उभं राहण्याचे पैसे नाहीत, आडवं होण्याचे आहेत. 'झोप' म्हणायची गरज बहुतेक पडत नाही. खाऊ दोन पुढच्या पंजांच्या मध्ये, अगदी गादीला टेकवून ठेवला की नाक खाली, कोपरं खाली. दहा-पंधरा सेकंद वाट बघूनही नाही झाली तर हाताने एकदा दाखवा, दोनदा दाखवा, तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने तोच इशारा करा. पाठीवर दाब देऊन बसवू नका. दाबलं की कुत्रा उलट वर रेटा देतो, आणि गादीशी त्या दाबाची आठवण जोडली जाते.

चौथ्या दिवसापासून वेळ. इथे बहुतेकांचं चुकतं. ५, १०, १५, २० असं चढत गेलं की कुत्र्याला कळतं की काम दर वेळी कठीण होत चाललंय, आणि तो मध्येच सोडून देतो. सेकंद असे ठेवा: ३, ५, २, ७, ४, १०, ३, ८, १, १२. सरासरी हळूहळू वर न्यायची, पण मध्ये मध्ये अगदी सोपी पायरी पेरायची. मनात आकडे मोजा. अंदाजाने वेळ लांबवली की माणूस नेहमी जास्त ताणतो.

पुढच्या पायरीवर जायचं की नाही हे ठरवायला दहाचा हिशेब ठेवा. दहापैकी आठ किंवा जास्त वेळा टिकली तर वर जा. सहा-सात वेळा टिकली तर तिथेच थांबा. पाच किंवा कमी, तर वेळ निम्मी करा.

उठली तर? काही बोलायचं नाही, पट्टा धरून ओढायचं नाही. थांबा. बहुतेक कुत्री पाच-सहा सेकंदांत स्वतःच परत चढतात. चढल्या चढल्या खाऊ नाही. आडवी होऊ दे, पाच सेकंद जाऊ दे, मग खाऊ. नाहीतर जुनी मालिका पुन्हा सुरू होईल. आणि लागोपाठ दोनदा उठली तर चूक तिची नाही, तुमचा आकडा मोठा आहे.

'गादी' हा शब्द तेव्हा जोडायचा, जेव्हा ती अंथरलेली गादी बघून दहापैकी आठ वेळा स्वतःहून जाऊन पडते. ती निघणार त्याच्या क्षणभर आधी एकदाच म्हणा. आधीपासून शब्द बडबडला की तो अर्धवट वागण्याला चिकटतो. जुन्या 'जागेवर'चं तेच झालं.

शमीवृक्ष

पिंपळपारांनी वेळेचं सगळं सांगितलं आहेच. अंतर आणि व्यत्यय यांबद्दल थोडं जोडतो.

वेळ, अंतर आणि व्यत्यय या तीन वेगळ्या खुंट्या आहेत. एक पिळली की बाकीच्या दोन सैल करायच्या. अर्धा मिनिट टिकायला लागली म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात गेलात, तर ते अर्धा मिनिट आता लागू नाही. एक पाऊल मागे, लगेच परत, खाऊ. वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकणं हीसुद्धा स्वतंत्र पायरी असते. पाठ फिरवणं ही सगळ्यात अवघड, कारण तुमचा चेहरा दिसेनासा झाला की कुत्रा उठून मागे येतो. आधी अर्धं वळा, मग पूर्ण, मग वळून एक पाऊल, मग दाराआड एक सेकंद. प्रत्येक वेळी तुम्ही *तिच्याकडे* परत जाऊन खाऊ द्यायचा. लांबून हाक मारून बोलावलं आणि मग खाऊ दिला, तर चांगला खाऊ गादी सोडल्यावर मिळतो असा धडा जातो. 'सुट्टी' म्हटल्यावरही कौतुकाचा जल्लोष नको. सुट्टी फिकी आणि गादी रसाळ ठेवायची.

व्यत्ययांची तयार उतरंड हवी असेल तर अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञ डॉ. कॅरन ओव्हरॉल यांचा १५ दिवसांचा क्रम पुष्कळ लोक वापरतात. त्यात रोज छोटी छोटी कामं असतात: पाच सेकंद थांब, तुम्ही एक पाऊल मागे, टाळी वाजवा, जागच्या जागी धावा, दार ठोका, खोलीबाहेर जाऊन या. अवघड कामांच्या मध्ये सोपी पेरलेली असतात, हे त्यातलं खरं बलस्थान. एक दिवसाचा क्रम चारदा करावा लागला तरी हरकत नाही. पंधरा दिवसांत उरकायचाच म्हणून घाई केली की तो फसतो.

आपल्या घरातले व्यत्यय निराळे असतात, त्यांची यादी स्वतः करा. कुकरची शिट्टी, मिक्सर, भांडी घासायला येणाऱ्या मावशींची पावलं, लिफ्टचं दार, पार्सलवाल्याची हाक, बाल्कनीतली कबुतरं. सगळ्यात हलका व्यत्यय आधी.

आता बेल. 'बेल वाजल्यावर गादी' हा वेगळा धडा आहे, गादीवर एक मिनिट टिकायला लागेपर्यंत त्याला हात लावू नका.

तुमच्याच बेलचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करा. दुसरी बेल चालत नाही, कुत्रा सूर ओळखतो. इतक्या कमी आवाजात लावा की तिचा कान हलेल पण ती उठणार नाही. आवाज, एक सेकंद, 'गादी', ती गेली की पंजांमध्ये तीन तुकडे. क्रम महत्त्वाचा आहे: आधी बेल, *मग* शब्द. दोन्ही एकदम आले तर ती फक्त शब्द ऐकते आणि बेलचा अर्थ जुनाच राहतो. असं रोज दहा-बारा वेळा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बेलनंतर शब्द न बोलता दोन-तीन सेकंद थांबून बघा. ती स्वतः गादीकडे वळली तर दिवसभरातला सगळ्यात मोठा खाऊ तिथे पडला पाहिजे, सात-आठ तुकडे एकामागून एक. हळूहळू आवाज वाढवा. मग घरातल्याच माणसाला बाहेर पाठवून खरी बेल, दार न उघडता. मग कडी काढण्याचा आवाज. मग दार चार बोटं उघडून बंद. मग घरचंच माणूस आत येऊन तिच्याकडे न बघता खुर्चीत बसणार. शेवटी पाहुणा.

यात एकदाही खऱ्या पाहुण्याला घाईने मध्ये आणू नका. सरावाच्या काळात दाराबाहेर चिठ्ठी लावा: 'बेल वाजवू नये, फोन करावा'. अचानक बेल वाजलीच तर शब्द वापरायचा नाही. मूठभर खाणं जमिनीवर विखरा किंवा तिला आतल्या खोलीत न्या. नव्या शब्दावर तिने एकदा दाराकडे धाव घेतली की तो शब्द तेवढा झिजला.

वाघनखे

इतकं लांबण लावायची गरज नाही. गळ्यात साखळी, उठली की हलका झटका, परत जागेवर. दोन दिवसांत समजतं. कुत्र्याला 'नाही' कळलं पाहिजे. नुसत्या खाऊने लालची होतात.

पिंपळपार

वाघनखे, झटक्याने कुत्रा जागेवर राहतो हे खरं आहे. पण तो कसा राहतो तेही बघा. पुढचे पाय ताठ, पोट जमिनीपासून जरा वर, कान मागे, नजर माणसाच्या हातावर, तोंड बंद, ओठ चाटणं. हे थांबणं आहे, सैलावणं नाही. केवडाताईंना मुलांच्या अभ्यासाच्या वेळी तासभर शांत पडलेली कुत्री हवी आहे, आणि ताणलेला कुत्रा तासभर तसा राहू शकत नाही. बेलच्या बाबतीत तर ते धोक्याचं आहे. पाहुणा आला की गळ्याला झटका बसतो असं दहा वेळा घडलं की कुत्रा पाहुण्यालाच त्या दुखण्याचं कारण धरतो. आधी जो आनंदाने उड्या मारत होता तोच मग गुरगुरायला लागतो. शिवाय गळा आवळणाऱ्या साखळीने श्वासनलिकेला आणि मानेला इजा होते ती वेगळीच.

बांधावं का, या मूळ प्रश्नाचं उत्तर: झटका द्यायला नाही, पण भटकंती रोखायला बांधता येतं. छातीच्या हार्नेसला, गळपट्ट्याला नव्हे. पट्टा सव्वा मीटरच्या आसपास, गादीवर आडवं होऊन कूस बदलता येईल इतका. सोफ्याच्या जड पायाला किंवा भिंतीतल्या पक्क्या हुकाला, ढकलल्यावर सरकेल अशा खुर्चीला नको. तुम्ही त्याच खोलीत असाल तेव्हाच. पट्टा ताणून ती ओरडत असेल तर ती तयार नाही, आठवडाभराने बघा. पट्टा बहुतेक वेळ ढिला लोंबत असेल तर त्याचं काम बरोबर चाललंय.

लालचीपणाबद्दल: खाऊ दाखवून काम करून घेतलं की कुत्रा खाऊ दिसल्याशिवाय हलत नाही, ही तक्रार रास्त आहे. म्हणून डबी शेल्फवर ठेवायची, कमरेला नाही, आणि काम झाल्यावर तिथून आणायचा.

केवडा_ठाणे

सगळ्यांचे आभार. सहा दिवस पिंपळपार म्हणाले तसं चालू आहे. आता ती अंथरल्या अंथरल्या गादीवर जाते, आडवी होते, २०-२५ सेकंद टिकते. पण नवीनच प्रकार सुरू झालाय: पडल्या पडल्या माझ्याकडे बघून भुंकते. खाऊ दिला की गप्प, सात-आठ सेकंदांनी पुन्हा. दुसरं म्हणजे गादीवरून उठून बाजूच्या फरशीवर जाऊन झोपते, विशेषतः दुपारी. आणि सासूबाईंचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

नीरफणस

ताई, भुंकण्याचं कारण बहुतेक हे असावं की तिला धडा शिकवणीसारखा वाटतोय. काम, 'टक्', खाऊ, काम, 'टक्', खाऊ. तिचं डोकं चाललंय, अंग सैल झालेलंच नाही. पहिल्या आठवड्यात हे योग्यच होतं, आता गियर बदलायची वेळ आली.

आजपासून गादीवरचा 'टक्' बंद. तो आवाज उत्साह चढवतो. सराव संध्याकाळच्या फेरीनंतर करा. वेगाने चालवलेली फेरी नको, २०-३० मिनिटं तिच्या नाकाने चालणारी, थांबत हुंगत. परत येऊन पाणी, दहा मिनिटं मोकळी, मग गादी. तुम्ही तिच्या बाजूला जमिनीवर किंवा खुर्चीत पुस्तक घेऊन बसा, तिच्याकडे बघू नका. आता वेळेचे पैसे देऊ नका, सैलपणाचे द्या. काय बघायचं ते सांगते, कारण हे नजरेला शिकवावं लागतं:

पुढचे पंजे सरळ आणि पोट जमिनीवर, ही 'तयार' अवस्था. इथून ती अर्ध्या सेकंदात उठू शकते. एक कुल्ला बाजूला कलंडला, मागचे दोन्ही पाय एकाच बाजूला आले, की पहिला खाऊ. मान खाली, हनुवटी गादीवर टेकली, की दुसरा. सुस्कारा, म्हणजे नाकातून सोडलेला लांब श्वास, डोळ्यांची हळू उघडझाप, कान बाजूला पडणं, याला तिसरा. खाऊ अगदी हळू, हात जमिनीलगत सरकवत नाकाखाली ठेवायचा, एक शब्द न बोलता. घाईने हात आणला की ती परत डोकं उचलते. उचललंच तर हरकत नाही, पुन्हा टेकेपर्यंत थांबा.

भुंकली तर? खाऊ नाही, 'गप' नाही, नजरही नाही. पण एवढ्यावर भागत नाही. तुम्ही स्वतः सांगितलंय की सात-आठ सेकंदांनी भुंकते, म्हणजे चौथ्या-पाचव्या सेकंदाला, शांत असतानाच खाऊ पोचला पाहिजे. दोन दिवस तसं करा, मग सहाव्या सेकंदाला, मग आठव्या. भुंकल्यावर शांत झाली की लगेच खाऊ देऊ नका, दहा सेकंद जाऊ द्या, नाहीतर 'भुंक, गप्प हो, खाऊ मिळव' ही नवी मालिका तयार होईल. आणि भुंकत असतानाच एकदाही हार मानून दिलात तर पुढच्या वेळी ती जास्त वेळ भुंकेल, कारण चिकाटीला फळ येतं हे तिला कळलेलं असेल.

दुपारी फरशीवर जाते त्यात तिचा हट्ट नाही, उकाडा आहे. स्पंजची जाड गादी अंगाची ऊब धरून ठेवते. मार्च ते जूनमध्ये ती काढा. दुपदरी सुती सतरंजी किंवा गोणपाट, पंख्याखाली, अंदाजे ९० बाय ६० सेंटिमीटर: नाकापासून शेपटीच्या बुडख्यापर्यंत कुत्रीची लांबी अधिक वीतभर. खाली रबरी जाळी घाला, नाहीतर गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी पळते आणि एकदा पायाखालून सरकलेली जागा कुत्रा टाळतो. प्लॅस्टिकची चटई नको, नखांचा आवाज येतो आणि कडा कुरतडतात. बाजेसारखी चार पायांची उचललेली खाटही चांगली, खालून वारा जातो आणि कडा स्पष्ट असल्याने चारही पाय आत की बाहेर याबद्दल कुत्र्याला शंका राहत नाही. सराव चालू असताना धापा टाकत असेल तर तो उकाडा आहे की ताण, हे आधी ठरवा. गार जागेत पाच मिनिटांत थांबली तर उकाडा.

कारवान किंवा मुधोळसारखी बारीक चणीची, हाडं वर असलेली कुत्री कुणाकडे असतील तर उलट करायचं. त्यांना पातळ सतरंजी टोचते, कोपरांना घट्टे पडतात. त्यांना मऊ जाड अंथरूण द्या, आणि 'बस'पासून सुरुवात करू नका, त्या बांध्याला बसणं अवघड जातं. सरळ आडवं होण्याचे पैसे द्या.

एक सूचना मात्र मनापासून. जी कुत्री एका कुशीवरच झोपते, दर अर्ध्या मिनिटाला जागा बदलते, सारखे पंजे चाटते किंवा आडवं होताना कचरते, तिला आधी डॉक्टरांना दाखवा. खाज, कानाचं दुखणं, खुब्याचा सांधा, गोचीड ताप यात कुत्रं निवांत पडूच शकत नाही, आणि कितीही सराव केला तरी पदरी अपयश येतं.

गोकर्ण

आजींचा, म्हणजे सासूबाईंचा, प्रश्न सोपा आहे, त्यांना बंदी करू नका. आजींचा हातच कामाला लावा.

कधी मिळतो कधी नाही असा टेबलावरचा तुकडा ही कुत्र्याला जागेवरून न हलवणारी सगळ्यात पक्की लालूच. दहा जेवणांत एकदा मिळाला तरी तो दहाही जेवणं उभा राहतो. म्हणून नियम एकच करा: खाणं टेबलाखाली कधीच नाही, गादीवर नेहमी. गादी आजींच्या खुर्चीपासून दीड-दोन मीटरवर आणा. आजींपुढे छोट्या वाटीत मिरीच्याच खाण्याचे वीस दाणे ठेवा. ती गादीवर आडवी असेल तेव्हा आजींनी एक दाणा गादीवर टाकायचा. टेबलाजवळ आली तर आजींनी वाटीवर हात ठेवायचा. कुत्र्याला भरवण्याचा आनंद आजींचा तसाच राहतो, आणि कुत्रीला कळतं की आजींचं दान लांबूनच येतं. पोळीचाच तुकडा द्यायचा असेल तर नखाएवढा, तूप-मीठ-भाजी न लागलेला.

सराव थेट रात्रीच्या जेवणाला नको. आधी एक माणूस रिकामं ताट घेऊन दोन मिनिटं. मग दोन माणसं, चहा. मग नाश्ता. मासळीचं जेवण सगळ्यात शेवटी.

पूर्ण जेवणभर टिकवायला चाटायचं खेळणं फार उपयोगी. पोकळ रबरी खेळण्यात मऊ दही-भात किंवा उकडलेला लाल भोपळा आणि तिचं कोरडं खाणं कालवून भरा, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. पंधरा-वीस मिनिटं निघतात. चाटण्याने कुत्रं शांत होतं, हा फायदा वेगळाच. शिजवलेली हाडं मात्र गुंतवून ठेवायला कधीच देऊ नका, त्यांच्या किरच्या होतात.

खेळणं संपलं की ती उठेल. म्हणून ते संपायच्या थोडं आधी 'सुट्टी' द्या, किंवा संपल्यावरचा पहिला अर्धा मिनिट सर्वांत जास्त पैशाचा करा.

शमीवृक्ष

खाऊ कमी कधी करायचा हे कुणी विचारलेलं नाही, पण इथेच बरीच घरं घसरतात. दोन आठवड्यांत जमलं म्हणून खाऊ एकदम बंद, आणि महिनाभरात गादी ओस. पाच सेकंदांवरून पंधरा, मग तीस, मग एक-दोन मिनिटं, असं अंतर वाढवा. पुढे रोजच्या जेवणाची वाटीच गादीवर द्या, फेरीला निघताना पट्टा गादीवर बसल्यावर लावा. अभ्यासाच्या तासाला एकदा सुरुवातीला, दोनदा मध्ये, एकदा शेवटी एवढं पुरतं. बेलचा खाऊ मात्र कायम ठेवा. दारात येणाऱ्या माणसाचं आकर्षण इतकं मोठं आहे की त्या बाजूचा पगार थांबला की कुत्रा जुन्या नोकरीवर परततो.

आणि दोन जागी गादी लागू पडत नाही. दिवाळीच्या फटाक्यांना किंवा विसर्जनाच्या ढोल-ताशाला थरथरणारं कुत्रं गादीवर धरून ठेवू नका. त्याला बाथरूममध्ये, पलंगाखाली जिथे लपायचं तिथे लपू द्या. नाहीतर गादी आणि भीती एकत्र बांधल्या जातात आणि महिन्याभराची मेहनत एका रात्रीत जाते. तसंच रागावून 'जा गादीवर' हे घरात कुणीच म्हणायचं नाही, मुलांनीही नाही. त्या जागेवर मुलांनी तिला उठवायचं नाही आणि कवटाळायचंही नाही, हेही त्यातच आलं.

पिंपळपार

शमीवृक्षांशी सहमत. फक्त गादी कायम अंथरलेली ठेवायची की उचलायची यावर एक खुलासा. पहिले दोन-तीन आठवडे उचला, कारण अंथरलेल्या गादीवरून ती दिवसभर आपल्या मर्जीने उतरत राहते आणि 'सुट्टी'ला अर्थ राहत नाही. एकदा धडा पक्का झाला की झोपायची गादी कायम राहू दे, पण कामाची सतरंजी वेगळीच ठेवा. दोन वेगळ्या वस्तू म्हणजे दोन वेगळे नियम, कुत्र्याला हे चटकन कळतं.

ती सतरंजी गुंडाळून बाहेर नेता येते. पण हॉलमध्ये दहा मिनिटं टिकणारी मिरी बिल्डिंगखाली पहिल्या दिवशी दहा सेकंदही टिकणार नाही. कुत्रं शिकलेली गोष्ट त्या खोलीशी, त्या कोपऱ्याशी बांधून ठेवतं. प्रत्येक नव्या जागी तीन सेकंदांपासून सुरुवात करा. फरक इतकाच की दुसऱ्या जागी चार दिवसांचं काम अर्ध्या तासात होतं. क्रम असा ठेवा: हॉल, झोपायची खोली, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, जिन्याचा पॅसेज, बिल्डिंगखालचा शांत कोपरा, बाग, शेवटी डॉक्टरांकडची वाट बघायची जागा. तिथे दारात उभं राहून दोन मिनिटं बघा, गर्दी असेल तर बाहेरच थांबा. दवाखान्यातल्या वजनकाट्यावर तीच सतरंजी अंथरा. थंड, हलणाऱ्या पत्र्यावर चढायला नकार देणारी कुत्री सतरंजीवर सहज चढते. आधी रिकाम्या काट्यावर सतरंजीचं वजन बघून घ्या आणि आलेल्या आकड्यातून वजा करा.

केवडा_ठाणे

एकच शेवटचं. बहीण तिचा लॅब्रॅडॉर कुत्रा (लॅब) घेऊन पुढच्या महिन्यात चार दिवस येणार आहे. दोघांना एकाच गादीवर?

नीरफणस

नाही. दोन सतरंज्या, किमान दोन मीटर अंतर, पहिल्या दिवशी मध्ये सोफा किंवा खुर्च्यांची आड. चाटायची खेळणी दोन वेगळ्या खोल्यांत. सुट्टी एकत्र द्यायची नाही, नाव घेऊन एकेकाला: 'मिरी, सुट्टी', आणि त्याच क्षणी जो थांबलाय त्याच्या पंजांमध्ये तुकडा. त्याला कळायला हवं की दुसरा सुटला की आपल्याला खाऊ मिळतो, उठायचं कारण नाही. लॅबला हा धडा येत नसेल तर त्याच्यासाठी बहीण पट्टा धरून बसेल. चार दिवसांत त्याला शिकवायच्या भानगडीत पडू नका, मिरीचं टिकवा.